चिनी सासू-सासऱ्यांसाठी ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा : अर्ज आणि कागदपत्रे

रेडिंगकर :

नमस्कार मंडळी. माझी पत्नी चीनमधील सिचुआन प्रांतातील असून आम्ही दोघे सध्या इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. येत्या वसंतात घरात बाळ येणार आहे आणि त्या निमित्ताने सासू-सासऱ्यांना तीनेक महिन्यांसाठी इकडे बोलवावे, असा आमचा बेत आहे. माझे आई-वडील सांगलीहून येऊन गेलेले असल्यामुळे ऑनलाइन अर्ज माझ्या परिचयाचा आहे. अडते आहे ते अर्जासोबत जोडायच्या चिनी कागदपत्रांपाशी. आपल्याकडे जन्मदाखला, रेशनकार्ड, पेन्शनचे पासबुक, घराचा उतारा हे सगळे कसे ठरलेले असते. तिकडच्या कागदांची नावेसुद्धा मला पत्नीला विचारून टिपून घ्यावी लागतात.

पत्नी ही त्यांचीच मुलगी आहे हे कोणत्या कागदाने दाखवावे, बँकेचे कोणते कागद द्यावेत, आणि बाळंतपणासाठी येत आहेत असे स्पष्ट लिहिल्यास 'कामाला येत आहेत' असा अर्थ तर काढला जाणार नाही ना, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. सासऱ्यांच्या गावातील एक एजंट सगळे करून देतो म्हणतो. मात्र 'बाळाचा विषयच काढू नका, लंडन पाहायला चाललो आहोत असे लिहा' हा त्याचा पहिलाच सल्ला ऐकून सासरे बिचकले आहेत.

मुठाकाठ :

सासरे बिचकले हे उत्तमच झाले. त्या एजंटाला लांबूनच नमस्कार करावा. अर्जाच्या शेवटी जे प्रतिज्ञापत्र असते ते अर्जदाराच्या नावाने असते, एजंटाच्या नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर केवळ तो अर्ज फेटाळून प्रकरण थांबत नाही, तर पुढील दहा वर्षांपर्यंतचे अर्जही त्याच कारणाने नाकारले जाऊ शकतात. नातवंडाचे तोंड पाहायचे म्हणून अर्ज करायचा आणि तेच कारण लपवायचे, यात शहाणपण नाही.

दुसरे असे की, खरे कारण हेच तुमच्या अर्जाचे बळ आहे. निवृत्तिवेतनावर राहणारे, इंग्रजी न बोलणारे जोडपे तीन महिने लंडनमधील स्थळे पाहणार, हे कोणत्याही अधिकाऱ्याला खटकेल. त्याच जोडप्याच्या मुलीची प्रसूती तोंडावर आहे म्हटले की तीन महिन्यांचा मुक्काम आपोआप पटतो. ब्रिटिश गृहखात्याच्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेतच नोंद आहे की, नातेवाइकाने अल्पकालीन भेटीत मुलाकडे लक्ष देणे चालते, फक्त त्याला पगारी दाई किंवा सांभाळणाऱ्या बाईचे स्वरूप येता कामा नये. त्यामुळे 'मुलीच्या बाळंतपणात सोबत करणे आणि नातवंडासोबत काही काळ घालवणे' असे सरळ लिहावे. गरोदरपणाचे वीस आठवडे झाल्यावर मिडवाइफकडून मॅट बी-१ नावाचा दाखला मिळतो, त्यावर प्रसूतीचा अपेक्षित आठवडा असतो. त्याची प्रत जोडली की तारखांचा मेळ बसतो. मात्र पत्रात 'ते आले की आमचा नर्सरीचा खर्च वाचेल' यासारखे वाक्य चुकूनही येऊ देऊ नये. मी असे पत्र पाहिलेले आहे.

कागदी_घोडे :

शुल्क आणि मुदतीविषयी थोडे. चिनी नागरिकांना सहा महिन्यांच्या व्हिसाच्या शुल्कातच दोन वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करता येणारा व्हिजिटर व्हिसा मिळतो. शी जिनपिंग यांच्या ऑक्टोबर २०१५ मधील ब्रिटन दौऱ्यात याची घोषणा झाली आणि जानेवारी २०१६ पासून ती अमलात आली. आपल्या आई-वडिलांना तेवढ्याच पैशांत सहा महिन्यांचाच शिक्का मिळतो आणि दोन वर्षांचा हवा असल्यास कित्येक पट अधिक मोजावे लागतात, ही बाब पत्नीसमोर काढू नये. घरात उगाच भारत-चीन चर्चा सुरू होते.

एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क १२७ पौंड झाले. ते अधूनमधून वाढत असल्यामुळे भरतेवेळी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. पती-पत्नीचे अर्ज स्वतंत्र, शुल्कही स्वतंत्र. प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच अर्ज करता येतो, त्याआधी नाही, आणि निर्णयाला साधारणपणे बोटांचे ठसे दिल्यापासून तीन आठवडे धरावेत. चिनी नववर्षाची मोठी सुट्टी मध्ये येत असेल, तर बँक, नोटरी आणि भाषांतरकार सगळेच बंद असतात, हे वसंतातील प्रवासासाठी विशेष लक्षात ठेवावे.

व्हिसा दोन वर्षांचा असला तरी एका भेटीत मुक्काम सहा महिन्यांपेक्षा अधिक करता येत नाही. आणि दोन वर्षांपैकी बहुतेक काळ इकडेच काढला, तर पुढच्या खेपेस विमानतळावरच अडवले जाण्याची शक्यता असते, कारण वारंवार येऊन ब्रिटनलाच घर करणे नियमात बसत नाही.

अनुवादिनी :

मी चिनी भाषेची अनुवादक असून अशी कागदपत्रे नेहमी हाताळते, म्हणून नात्याच्या पुराव्याविषयी सविस्तर लिहिते.

चीनमध्ये कुटुंबाच्या नोंदणीची 'हुकौ' नावाची पुस्तिका असते. पहिल्या पानावर घराचा पत्ता, मग कुटुंबप्रमुखाचे पान, आणि त्यापुढे प्रत्येक सदस्याचे एकेक पान. प्रत्येक पानावर 'कुटुंबप्रमुखाशी नाते' असा रकाना असतो आणि पोलीस ठाण्याचा लाल शिक्का असतो. मुलीचे पान त्यात असेल तर काम सोपे आहे. सर्व भरलेली पाने स्कॅन करून भाषांतरासह जोडावीत. अडचण तेव्हा येते, जेव्हा मुलगी शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेलेली असते. त्या वेळी अनेकांनी आपली नोंद विद्यापीठाच्या सामूहिक पुस्तिकेत हलवलेली असते आणि आई-वडिलांच्या पुस्तिकेत तिच्या पानावर 'स्थलांतरित' असा शिक्का तेवढा उरतो, काही ठिकाणी तर ते पानच काढून घेतलेले असते. तुमच्या पत्नीचे असे झालेले आहे का, हे आधी विचारावे.

जन्मदाखल्याचे म्हणाल, तर चीनमध्ये आजच्या स्वरूपाचा वैद्यकीय जन्मदाखला १ जानेवारी १९९६ पासून सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्यांकडे तो बहुधा नसतो. अशा वेळी स्थानिक नोटरी कार्यालयात जाऊन नातेसंबंधाचे नोटरी प्रमाणपत्र घ्यावे. ते चिनी मजकूर आणि इंग्रजी भाषांतर अशा दोन्हींसह बांधून मिळते. नोव्हेंबर २०२३ पासून चीन अपोस्टिल करारात (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घ्यायच्या सरकारी प्रमाणनाचा करार) सामील झालेला असल्यामुळे नोटरीवाले 'अपोस्टिल हवे का' असे विचारतील. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी त्याची गरज नाही, उगाच पैसे घालवू नयेत.

आणखी एक कागद बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एक अपत्य धोरणाच्या काळात ज्यांनी एकाच मुलावर थांबण्याचे मान्य केले, त्या आई-वडिलांना 'एकुलत्या एका अपत्याच्या पालकांचा सन्मान दाखला' मिळत असे. छोटी लाल पुस्तिका असते, त्यात आई, वडील आणि मूल तिघांचीही नावे असतात. कपाटातील जुन्या कागदांत ती बहुतेक घरी सापडते. पूरक पुरावा म्हणून ती छान उपयोगी पडते.

भाषांतरावर भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्काचा तपशील आणि 'हे मूळ मजकुराचे अचूक भाषांतर आहे' असे विधान असावेच लागते. यातील एखादी गोष्ट राहिली, तर तो कागद दुर्लक्षित होऊ शकतो. जावयाने गूगलवर भाषांतर करून खाली सही ठोकणे टाळावे.

शेवटी नावांविषयी. चिनी स्त्रिया लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत आणि मुले सहसा वडिलांचे आडनाव लावतात. त्यामुळे तुमची सासू, सासरे आणि पत्नी या तिघांत सासूबाईंचे आडनाव वेगळे दिसेल. हे स्वाभाविक आहे, त्यासाठी वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. अर्जात नाव मात्र पासपोर्टवर रोमन अक्षरांत जसे आहे तसेच उतरवावे.

रेडिंगकर :

सर्वांचे मनापासून आभार. अनुवादिनी यांनी सांगितले तसेच झालेले आहे. पत्नीचे पान विद्यापीठाच्या वेळी हलवले गेले होते. सन्मान दाखल्याची पुस्तिका मात्र सासूबाईंना लगेच सापडली आणि तिचा फोटो वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर आलाही.

अर्ज उघडून पाहिला तेव्हा आणखी एक अडचण दिसली. अर्जदाराच्या आई-वडिलांची नावे आणि जन्मतारखा विचारलेल्या आहेत, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांच्या. त्यांपैकी तिघे आता हयात नाहीत आणि सासऱ्यांना आपल्या आईचा जन्मदिवस केवळ चांद्र पंचांगाप्रमाणे ठाऊक आहे. येथे काय लिहावे?

मुठाकाठ :

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक चिनी कुटुंबात येतो. आपल्याकडे मास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून करून टाकली, तसाच हा प्रकार आहे. तिकडच्या जुन्या पिढीतील कित्येकांच्या ओळखपत्रावरच चांद्र तारीख इंग्रजी महिन्यासारखी छापलेली असते. जुन्या हुकौत किंवा ओळखपत्रावर जी तारीख असेल ती घ्यावी. काहीच कागद नसेल, तर घरात सर्वांना मान्य असलेली तारीख लिहून, अर्जाच्या शेवटी अधिक माहितीसाठी जी मोकळी चौकट असते, तीत 'वर्ष निश्चित आहे, तारीख अंदाजाने दिली आहे' असे एका ओळीत नमूद करावे. अर्जाची प्रत जपून ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करताना वेगळी तारीख पडणार नाही.

टेम्सकाठी :

आता पैशांचा भाग, कारण माझ्या मते अर्ज फसतात ते येथे.

अर्जात मासिक उत्पन्न, मासिक खर्च, बचत आणि या प्रवासावर किती खर्च करणार हे चारही आकडे विचारलेले असतात. ते आकडे आणि बँकेचे कागद एकमेकांशी बोलले पाहिजेत. चीनमधील बँका दोन वेगवेगळे कागद देतात आणि लोक त्यांपैकी एकच जोडतात. पहिला ठेवीचा दाखला. त्यात अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत गोठवलेली आहे एवढेच लिहिलेले असते. तो पाहायला भारदस्त असतो, पण ती रक्कम कोठून आणि केव्हा आली हे त्यावरून कळत नाही. दुसरा म्हणजे खात्यातील व्यवहारांचा उतारा. अधिकाऱ्याला पाहायचा असतो तो हा. किमान सहा महिन्यांचा उतारा, बँकेच्या शिक्क्यासह घ्यावा. मोबाइल ॲपमधून इलेक्ट्रॉनिक शिक्क्याची पीडीएफही निघते. त्यात दरमहा पेन्शन जमा झाल्याच्या ओळी दिसल्या, की उत्पन्नाचा प्रश्न मिटला.

वृद्ध चिनी मंडळी आपल्या आजी-आजोबांसारखीच पैसे मुदत ठेवीत ठेवतात, त्यामुळे चालू उताऱ्यात शिल्लक किरकोळ दिसते. अशा वेळी ठेवीच्या पावत्या जोडून पत्रात तसे सांगावे. मात्र मुलीने अर्जाच्या आदल्या आठवड्यात मोठी रक्कम आई-वडिलांच्या खात्यात टाकणे हा हमखास घात करणारा उपाय आहे. इतर उताऱ्याशी न जुळणारी रक्कम कोणाच्याही डोळ्यांत भरते.

सासूबाई पन्नाशीतच निवृत्त झालेल्या असतील तर 'इतक्या लवकर कशा' असा संशय येईल, अशी भीती बाळगू नये. चीनमध्ये कामगार स्त्रियांचे निवृत्तीचे वय अनेक दशके ५० हेच होते. १ जानेवारी २०२५ पासून ते टप्प्याटप्प्याने वाढवायला सुरुवात झाली आहे. निवृत्तीची छोटी पुस्तिका असते, तिची प्रत व भाषांतर द्यावे.

दर्यावर्दी :

टेम्सकाठी यांच्याशी आदरपूर्वक असहमत आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात तिकीट, राहणे, जेवण असा सगळा खर्च जावयाने उचलल्याचे दाखवले, जावयाच्या पगाराच्या चिठ्ठ्या जोडल्या आणि व्हिसा विनासायास मिळाला. दुसऱ्याने खर्च करणे नियमाने मान्य असताना म्हाताऱ्या माणसांना बँकांच्या रांगेत कशासाठी उभे करायचे?

टेम्सकाठी :

खर्च दुसऱ्याने करणे मान्य आहे, यात वाद नाही. खर्च करणाऱ्याशी खरे नाते असावे, त्याची ऐपत असावी आणि त्याने स्वतः ब्रिटनचे इमिग्रेशनचे नियम मोडलेले नसावेत, एवढीच अट आहे. पण जावयाचा पगार 'यांना येथे कोण पोसणार' या प्रश्नाचे उत्तर देतो. 'हे परत का जाणार' या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही, आणि व्हिजिटर व्हिसाचा निर्णय मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नावर होतो.

चिनी अर्जदारांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार असतो, कारण ज्या पुस्तिकेने नाते सिद्ध होते तीच पुस्तिका हेही सांगते, की यांचे एकुलते एक अपत्य ब्रिटनमध्ये आहे आणि आता नातवंडही तेथेच असणार आहे. मायदेशी दुसरे मूल नाही. ही बाजू लपवता येत नाही, म्हणून तिला तोंड द्यावे लागते. स्वतःच्या नावावरील घराचे मालकीपत्र, दरमहा येणारी पेन्शन, सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड, हयात असलेल्या वृद्ध आईची जबाबदारी, निवृत्तीनंतर अर्धवेळ काम असल्यास तेथील रजेचे पत्र, यांपैकी जे खरे असेल ते दाखवावे. रेडिंगकर यांनी चार आजेसासऱ्यांपैकी तिघे हयात नाहीत असे लिहिले आहे. म्हणजे एक आहेत. त्यांची काळजी सासू-सासरे घेत असतील, तर तो मुद्दा पहिल्या परिच्छेदात यायला हवा. पूर्वीचे परदेश प्रवासही महत्त्वाचे असतात. अर्जात गेल्या दहा वर्षांतील प्रवास विचारलेले आहेत. थायलंड किंवा जपानला सहलीने जाऊन वेळेवर परतल्याचे शिक्के असतील तर जुन्या पासपोर्टची ती पाने जोडावीत.

दर्यावर्दी :

हे पटले. ज्या कुटुंबाचा दाखला मी दिला, त्यांचा धाकटा मुलगा चीनमध्येच होता, हे लिहायचे राहिले होते.

कागदी_घोडे :

निमंत्रणपत्राविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. त्याचा ठरावीक नमुना नाही. एका पानात मावेल असे, तारखा, राहण्याची जागा, कोण कोणता खर्च करणार आणि परतीचा अंदाज एवढे सांगणारे पत्र पुरते. सोबत तुमच्या वास्तव्याचा पुरावा लागेल. वास्तव्याच्या परवान्याची जुनी बायोमेट्रिक कार्डे २०२४ च्या अखेरीस कालबाह्य झाली असून आता ई-व्हिसाच्या ऑनलाइन खात्यातून शेअर कोड, म्हणजे दुसऱ्याला तुमचा परवाना पाहू देणारा सांकेतिक क्रमांक, काढावा लागतो. तो ९० दिवसच चालतो, म्हणून अर्जाच्या सुमारास ताजा काढावा.

अर्ज तुम्ही इकडे बसून भरू शकता. ईमेल आणि फोन क्रमांक कोणाचा आहे, अर्जदाराचा की दुसऱ्या कोणाचा, हे अर्जातच विचारलेले आहे; तेथे खरे उत्तर द्यावे. मात्र उत्तरे तुमच्या अंदाजाने भरू नयेत. व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना समोर बसवून, पत्नीला दुभाषी करून, एकेक प्रश्न वाचून भरावा आणि पूर्ण झालेला अर्ज त्यांना चिनीत समजावून सांगावा, कारण क्वचित का होईना, अधिकारी अर्जदाराला फोन करू शकतो.

ठसे व फोटो देण्यासाठी त्यांना व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस या कंपनीच्या जवळच्या केंद्रात स्वतः जावे लागेल. सिचुआनची राजधानी छंगदूमध्ये केंद्र आहे. कागद आधीच अपलोड करून ठेवावेत. चीनमध्ये गूगल बंद असल्यामुळे तुमच्या गूगल ड्राइव्हच्या लिंका तिकडे उघडणार नाहीत, फाइली वीचॅटवरूनच पाठवाव्यात.

अनुवादिनी :

एक पुरवणी. सासरे सरकारी खात्यातून, सरकारी शाळेतून किंवा सरकारी कंपनीतून निवृत्त झाले असतील, तर त्यांचा पासपोर्ट त्यांच्याच हातात आहे ना, याची खात्री आजच करावी. तिकडे अशा अनेक नोकऱ्यांत खासगी पासपोर्टसुद्धा कार्यालयात जमा करावा लागतो आणि तो मिळवण्यासाठी लेखी परवानगी घ्यावी लागते. काही ठिकाणी निवृत्तीनंतरही काही काळ ही अट राहते. व्हिसाची भेट ठरल्यावर ही गोष्ट कळली, तर सगळे वेळापत्रक कोलमडते.

सह्याद्रीपार :

चांगला धागा. माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. माझे मेहुणे हाँगकाँगमध्ये नोकरीला आहेत. त्यांनाही हीच सगळी प्रक्रिया करावी लागेल का? आणि इंग्लंडहून परतताना सासरच्या मंडळींना पुण्याला आमच्या घरी आणायचे असेल तर?

मुठाकाठ :

मेहुण्यांकडे पासपोर्ट कोणता आहे यावर ते अवलंबून आहे. हाँगकाँग विशेष प्रशासकीय प्रदेशाचा पासपोर्ट असल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीला व्हिसा लागत नाही, केवळ ईटीए हा ऑनलाइन परवाना लागतो. हाँगकाँगमध्ये राहून चीनच्या मुख्य भूमीचा पासपोर्ट वापरत असतील, तर वर लिहिलेले सगळे लागू.

पुण्याविषयी : चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा देणे भारताने २४ जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू केले. ऑनलाइन अर्ज भरून, त्याची छापील प्रत काढून, भेटीची वेळ घेऊन पासपोर्ट बीजिंग, शांघाय किंवा ग्वांगझौ येथील भारतीय व्हिसा केंद्रात स्वतः द्यावा लागतो. त्यामुळे हे काम इंग्लंडला निघण्यापूर्वी उरकावे. आणि त्यांना हॉटेलऐवजी घरी उतरवणार असाल, तर परदेशी पाहुण्याची नोंद घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन करायची असते, हे सोसायटीच्या चेअरमनांनी आठवण करून देण्याआधी करावे.

रेडिंगकर :

पुनश्च आभार. पासपोर्ट सासऱ्यांच्याच ताब्यात आहे. नातेसंबंधाच्या प्रमाणपत्रासाठी ते या आठवड्यात नोटरीकडे जाणार आहेत. हयात असलेल्या आजेसासूबाई त्यांच्याच घरी राहतात आणि त्या तीन महिन्यांत सासूबाईंची बहीण त्यांच्याकडे पाहील, हे पत्रात घेतले आहे. एजंटाला नकार कळवला. एकच राहिले : प्रवासविमा अर्जासाठी सक्तीचा आहे का?

टेम्सकाठी :

सक्तीचा नाही, पण काढावाच. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना येथील रुग्णालयात दाखल होऊन घ्यावे लागणाऱ्या उपचारांचे बिल एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट लावले जाते. मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार पॉलिसीत समाविष्ट आहेत का, हे चिनी मजकुरात नीट वाचून घ्यायला पत्नीला सांगा. स्वस्त पॉलिसींमध्ये ते बहुधा वगळलेले असतात.